जर्मनीला निघालेल्या सिस्टरला पत्र

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले व्हिडिओ सगळे पाहिले. बर्फात काळी साडी नेसून तिळगूळ वाटणारी ती कोल्हापूरकडची मुलगी, 'जर्मनीतला माझा पहिला पगार' सांगणारी दुसरी, आणि बॅगा भरता भरता 'आम्ही कायमचे भारतात परत चाललोय' म्हणणारं ते जोडपं. तुझ्या दादाने पहिले दोन पाहिले आणि तू अजून इथे काय करतेस हेच त्याला कळेना. आईने तिसरा पाहिला आणि तिचा धीर सुटला. आता तू मला विचारतेस, मावशी, यातलं खरं कोण बोलतंय?

सगळेच खरं बोलतायत. फक्त प्रत्येकजण आपल्या त्या महिन्याचं खरं बोलतोय. नुकतीच पोचलेली मुलगी बर्फ पाहून हरखणारच, आणि बारा वर्षं काढून निघालेलं जोडपं थकलेलं असणारच. जर्मनीला जायचं की नाही हा निर्णय तुला घ्यायचाय तो एक नर्स म्हणून, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांचा. त्यांचा आनंद किंवा त्यांचा कंटाळा उसना घेऊन तो होणार नाही. त्यांच्याकडून माहिती घे, आणि ती मात्र पोटभर घे.

माझ्या वयाची माणसं या व्हिडिओंना टाइमपास म्हणून उडवून लावतात. मला ते पटत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत केरळच्या कितीतरी मुली चर्चमार्फत जर्मनीला नर्सिंगसाठी गेल्या, काही तर शाळा संपवून थेट. १९७३ मध्ये जर्मनीने बाहेरून कामगार आणणं थांबवलं आणि पुढच्या काही वर्षांत त्यातल्या कित्येकींचे परवाने वाढवून मिळाले नाहीत, त्यांना परत यावं लागलं. ज्या राहिल्या त्यातल्या एकीच्या हाताखाली मी श्टुटगार्टमध्ये काम शिकले. रात्रपाळीला चहा घेताना त्या सांगायच्या, घरी पाठवलेल्या पत्रांत पैसे मिळाले का, धाकटीची फी भरली का, एवढंच असायचं. रोज पहाटे उठून परक्या म्हाताऱ्या माणसांचं अंग पुसतो हे त्यांनी आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. गावाला दिसलं ते घर, सोनं, बहिणींची लग्नं. त्यांच्यामागून गेलेल्या मुली तेवढंच पाहून निघाल्या.

आपल्याकडेही वेगळं नव्हतं. 'मुलगा अमेरिकेत असतो' म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे. आता पाठीमागच्या स्वयंपाकघरासकट सगळं दिसतं. भाडं, पगाराची स्लिप, फ्रिजमधलं शिळं, दिवाळीच्या रात्री एकटीने खाल्लेलं मॅगी. स्वस्त डेटा आल्यापासून ते तुझ्या आजीच्या हातातल्या फोनवरही दिसतं. या मुलामुलींनी फार मोठं काम केलंय. पैसा आणि एकटेपणा दोन्ही उघडं बोलण्याची सोय त्यांनी आपल्या घरांना करून दिली.

पगारवाल्या मुलीचा व्हिडिओ तू परत बघ, पण पगाराचा भाग सोडून. मध्येच ती कणीक मळता मळता सांगते, 'इथे मी सलाईन लावत नाही.' सकाळी सहाला ड्युटी, हातात आठ-नऊ पेशंट. एकेकाला उठवायचं, अंग पुसायचं, डायपर बदलायचा, कवळी धुऊन द्यायची, नाश्ता भरवायचा, आणि मग हे सगळं कॉम्प्युटरवर लिहायचं. तुमच्या वॉर्डात यातलं निम्मं काम आयाबाई करतात आणि उरलेलं पेशंटचे नातेवाईक. तिथे ते सिस्टरचंच काम आहे, आणि सुई टोचण्याचं बरंचसं काम डॉक्टरांकडे असतं. बीएस्सी करून गेलेल्या मुलींना पहिला धक्का इथेच बसतो. 'एवढं शिकून हेच करायचं का' म्हणून रडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

माझं मत ऐक. पाठ पुसताना माकडहाडाजवळची लाली दिसते आणि तिथे पुढे होणारी जखम टळते. पायावरची सूज, बदललेला श्वास, कालपेक्षा कमी बोलणारी आजी, हे अंग पुसणाऱ्या हातालाच आधी कळतं. मी नर्सिंग शिकले ते तिथे. पण तुला मनापासून वाटत असेल की हे आपल्याच्याने होणार नाही, तर जाऊ नकोस. युरोच्या आकड्याने ती खंत भरून निघत नाही.

आता तो आकडा. वृद्धांच्या निगा-केंद्रांत पात्र नर्सला जुलै २०२५ मध्ये तासाला किमान २०.५० युरो ठरले होते. पण तुझ्या पदवीला तिथल्या राज्याची मान्यता मिळेपर्यंत तू पात्र नर्स धरली जात नाहीस. तोवर मदतनीस म्हणून काम, आणि त्याचा किमान दर तेव्हा तासाला १६.१० होता. मान्यतेसाठी एकतर परीक्षा द्यायची, तोंडी आणि प्रत्यक्ष वॉर्डात, नाहीतर काही महिन्यांचं जुळवून घेण्याचं प्रशिक्षण पूर्ण करायचं. शिवाय जर्मन भाषेची बी२ पातळीची परीक्षा पास हवीच. एकट्या माणसाच्या पगारातून कर, आरोग्य विमा, पेन्शन वगैरे जाऊन ढोबळमानाने दोन तृतीयांश हातात येतात. त्यातून घरभाडं, आणि घरात टीव्ही असो नसो, दरमहा १८.३६ युरो प्रसारणशुल्क. व्हिडिओत ती मुलगी पगाराला रुपयाच्या भावाने गुणते तेव्हा दादाचे डोळे मोठे होतात. खर्चालाही त्याच भावाने गुणायला सांग त्याला.

परत चाललेल्या जोडप्याबद्दल आईशी मीही बोलेन. गेल्या दोन-तीन वर्षांत वारं बदललं हे खरंच आहे. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. ब्रिटनने मार्च २०२४ पासून केअर वर्करना, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची निगा राखणाऱ्यांना, कुटुंब आणू देणं बंद केलं आणि २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवे केअर वर्कर घेणंच थांबवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी लावली. त्यात घरं महाग, आयटीतल्या नोकऱ्या डळमळीत, इकडे आईवडील सत्तरी ओलांडलेले. परतणाऱ्यांची कारणं खोटी नाहीत.

पण ते जोडपं परतलं ते काय घेऊन, तेही बघ. गाठीला बारा वर्षांची शिल्लक आहे, दोघंही आयटीत आहेत, पुण्यात फ्लॅट आहे. इथे त्यांना मिळेल तो पगार आणि तुला आत्ता मिळतो तो पगार, यांत किती अंतर आहे ते तू मला फोनवर सांगितलंसच. शिवाय जर्मनीला माणसं कमी पडतायत ती तुझ्याच कामात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा देण्याचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्गशी, म्हणजे श्टुटगार्ट ज्यात येतं त्या जर्मन राज्याशी, मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंग आहे. परत येणाऱ्यांचे व्हिडिओ आता जास्त पाहिले जातात, म्हणून ते तुझ्यासमोर जास्त येतात. त्यावरून तुझ्यासाठी दार बंद झालं असं समजू नकोस.

व्हिडिओची तारीख बघायची सवय लाव. जर्मन नागरिकत्वासाठी लागणारी वर्षं जून २०२४ मध्ये आठावरून पाचावर आली, आणि खास लोकांसाठी ठेवलेली तीन वर्षांची वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. मधल्या काळात केलेले 'तीन वर्षांत पासपोर्ट' सांगणारे व्हिडिओ आजही फिरतायत. सांगणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं, फक्त नंतर कायदा बदलला.

आणि खाली कुठल्या एजन्सीची लिंक आहे ते बघ. चॅनलला पैसे जाहिरातीतून मिळतात, तसे लिंकवरून गेलेल्या माणसामागेही मिळू शकतात. त्यात गैर काही नाही, पण ते तुला माहीत हवं. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर तपासता येते. त्याची फी कमाल ३० हजार रुपये, वर जीएसटी. नर्सच्या भरतीत तर चांगल्या जर्मन संस्था नर्सकडून पैसेच घेत नाहीत, खर्च रुग्णालय करतं. तिथल्या सरकारचं त्यासाठी एक गुणचिन्हही आहे, एजन्सीकडे ते आहे का विचार. कोणी 'सीट बुक करायला' तीन-चार लाख मागितले तर तिथेच नमस्कार करून बाहेर पड.

आता तुझ्या स्वतःच्या चॅनलचं. कर की, मला आवडेल. पण वॉर्डात मोबाइल खिशाबाहेर काढायचा नाही, रिकाम्या कॉरिडॉरमध्येसुद्धा नाही. पेशंटची गोष्ट बाहेर नेणं तिथे फौजदारी गुन्हा आहे, कोणाचं बोलणं न सांगता रेकॉर्ड करणं हाही गुन्हा. बसमध्ये, दुकानात लोकांचे चेहरे घेऊ नकोस. विमानतळावर रडणाऱ्या आईचा व्हिडिओही नको, ती तुझ्यासाठी रडणार आहे, बघणाऱ्यांसाठी नाही. फार एकटं वाटेल त्या रात्री रेकॉर्ड करायचं असेल तर कर, पण दोन आठवड्यांनी स्वतः पाहून मगच टाक. आधी मला फोन कर. तुझी रात्र म्हणजे माझी पहाट, मी जागीच असते.

आणि विषय हवा असेल तर मान्यतेच्या परीक्षेवर बोल. मल्याळी मुलींनी त्यावर एकमेकींसाठी भरपूर सांगून ठेवलंय. मराठी मुलीला हे आपल्या भाषेत आधी कळलं तर तिचं एक वर्ष वाचेल. नाहीतर श्वाबेनमधली, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या भागातली, जिना झाडण्याची पाळी दाखव. दाराला पाटी लागली की तो आठवडा जिना, कठडा, पायपुसणं तुझ्याकडे. शेजारणीशी माझी ओळख त्या कठड्यावरच झाली.

भाषेचं ढिलं सोडू नकोस. बी२ पास होऊन जाशील आणि पहिल्याच सकाळी आजीचं एक अक्षर कळणार नाही, कारण ती तिथली बोली, श्वेबिश बोलेल. पुस्तकात पावाला ब्रोट्शन शिकलेली असशील, ती वेकले मागेल. घाबरायचं नाही, पुन्हा विचारायचं. न कळता मान डोलावलीस तर तिथे तुझ्यावरचा विश्वास जातो, विचारल्याने जात नाही.

एजन्सीने पाठवलेला करार मला पाठव. जर्मन प्रतच पाठव, त्यांचं भाषांतर नको. मला त्यात दोन गोष्टी बघायच्यात. मान्यता मिळेपर्यंत पगार किती, आणि मुदतीआधी नोकरी सोडलीस तर किती पैसे परत मागणार. तोवर सही करू नकोस, कितीही घाई केली तरी. रविवारी आईला घरी थांबायला सांग, मी दुपारी फोन करते.

तुझी,
मावशी