तसूभर म्हणजे नेमकं केवढं?

प्रश्न असा आलाय की कुडाळच्या एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, शाफ्ट, बुश असली धातूची कामं करून देणारं छोटं वर्कशॉप आहे, त्यांना नव्या माहितीपत्रकात "आमच्या मापात तसूभरही फरक सापडणार नाही" असं छापायचंय, तर हे मराठी म्हणून बरोबर आहे का आणि याहून चांगला शब्द आहे का.

बरोबर नाही. छापू नका. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता खरंच राग येतो, कारखान्याचं उद्घाटन असलं की पाहुणे तसूभर म्हणतात, बातमीत तसूभर येतं आणि ज्या पोराने दिवसभर मायक्रोमीटर हातात धरलाय तोही तसूभर म्हणतो. मागे हटणार नाही, जमीन सोडणार नाही यातलं तसूभर ठीक आहे, ते सगळ्यांना माहितीय, त्यात वेळ घालवत नाही. पण तसू म्हणजे कमीत कमी इंचभर! तुमच्या २५ मिलीमीटरच्या बोअरला, म्हणजे भोकाला, ड्रॉइंगवर एच-सात लिहिलेलं असतं, म्हणजे वरच्या बाजूला २१ मायक्रॉन सूट आणि खालच्या बाजूला शून्य, आणि मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. आणि तुम्ही गिऱ्हाइकाला सांगताय की २५ मिलीमीटरच्या भोकात २५ मिलीमीटरची चूक होणार नाही.

आता शब्दाकडे येतो, कारण हा शब्द फार सुंदर आहे आणि तो इंचाचा भाऊ समजून वापरला जातो याचं मला वाईट वाटतं. तसू फारसीतून आला. जुन्या फारसीत तसूग म्हणजे चौथा हिस्सा, पाव. पाव कशाचा, तर दांगाचा. आणि दांग म्हणजे कुठल्याही पूर्ण गोष्टीचा सहावा हिस्सा. सहाव्याचा चौथा, म्हणजे चोविसावा! म्हणून वजनात तसू चोविसावा भाग, गजात तसू चोविसावा भाग, आणि दिवसरात्रीचा चोविसावा भाग म्हणून फारसीत तासालाही तसू म्हटलेलं आहे. आईन-ए-अकबरीत इलाही गजाचे, म्हणजे अकबराने ठरवलेल्या गजाचे, २४ भाग सांगितलेत, तिथे त्याचं अरबी वळणाचं रूप आहे तस्सूज. म्हणजे तसू हे मुळात माप नाहीच, तो हिस्सा आहे. हे एकदा कळलं की तसू इंचाएवढा की सव्वा इंचाएवढा हा कोशाकोशांतला वाद आपोआप मिटतो, कारण तुमचा गज केवढा त्यावर तुमचा तसू. २४ इंचांचा गज धरला तर तसू बरोबर इंच, ३६ इंचांचा वार धरला तर दीड इंच, आणि इंग्रजांनी इलाही गज ३३ इंचांचा धरला त्या हिशोबाने साधारण ३५ मिलीमीटर.

हिंदीतला एक जाडजूड कोश मात्र तसूची फोड संस्कृत 'त्रि' अधिक 'शूक' अशी करतो, शूक म्हणजे जवासारखं धान्य, तीन दाण्यांचा तो तसू. मला हे अजिबात मान्य नाही. तीन जवांचा इंच हा हिशोब इंग्रजांचा. आपल्याकडे आठ यवांचं, म्हणजे जवांचं, एक अंगुळ होतं, आणि शब्द फारसीत त्याच रूपात, त्याच चोविसाव्या हिश्श्याच्या अर्थाने समोर उभा असताना संस्कृतात मूळ शोधत बसायचं हा कोशकाराचा हट्ट आहे, व्युत्पत्ती नाही.

आता माझं स्वतःचं मत, पुरावा मागाल तर फक्त आकड्यांचा आहे. २४ अंगुळांचा एक हात, २४ तसूंचा एक गज. आठ यवांचं एक अंगुळ, आठ सुतांचा एक इंच. म्हणजे परका शब्द आला तो रिकाम्या जागेत नाही आला, अंगुळाच्या पाटावर तसू बसला आणि यवाच्या पाटावर सूत बसलं, हिशोब तोच राहिला, नावं बदलली. म्हणून तर तसू इतका घरचा झाला की त्याला आपण 'भर' लावतो. मूठभर, चिमूटभर, ओंजळभर, बोटभर या अंगावरच्या मापांना लावतो तसाच. कोणी म्हणेल आठ हा आकडा इंच अर्धा, पाव, अर्धपाव करत गेल्यावर येतोच, त्यात यव कशाला? येतो, मान्य. पण २४ दोन्हीकडे सारखा आला त्याचं काय?

सूतही इथेच सांगून टाकतो, कारण तसू चालत नाही म्हटल्यावर पुढचा माणूस लगेच "मग सूतभर लिहू का" विचारतो. आमच्याकडे सुतार दार बसवताना म्हणतो सूतभर जागा सोडूया, पावसात लाकूड फुगतं, आणि तिथे तो शब्द शंभर टक्के बरोबर आहे, कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलीमीटर, दाराला तेवढी जागा लागतेच. लोखंडात तेच सूत ३,१७५ मायक्रॉन होतं, जॉब सरळ भंगारात. केसभरसुद्धा नको, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, तुमच्या एच-सातच्या तिप्पट. मे महिन्यात शॉपमध्ये ३४ डिग्री असताना १०० मिलीमीटरचा स्टीलचा शाफ्ट मोजला तर २० डिग्रीच्या मानाने तो १६ मायक्रॉन लांब भरतो, नुसत्या उकाड्याने! म्हणून तर माप घ्यायच्या खोलीत एसी लावून २० डिग्री ठेवतात, आणि आपल्या खाऱ्या हवेत जॉब तेल न लावता रात्रभर ठेवला तर सकाळी बोटांचे ठसे गंजून वर आलेले असतात. जिथे उकाडा आणि हाताचा घाम मोजावा लागतो तिथे जुनी भाषा पुरत नाही, यात भाषेचा कमीपणा नाही, सुताराला मायक्रॉन कधी लागलाच नव्हता.

मग काय लिहायचं? मायक्रॉनभर लिहा की! मायक्रॉन हे नाव १९६७ सालीच आंतरराष्ट्रीय मापांच्या यादीतून गेलं, मायक्रोमीटर म्हणायचं ठरलं, पण शॉपमध्ये मायक्रोमीटर म्हणजे हातातलं यंत्र, त्यामुळे मायक्रॉन कुठेही गेला नाही आणि जाणारही नाही. तसूला ज्या भाषेने 'भर' लावला ती मायक्रॉनला का लावणार नाही? फक्त "मायक्रॉनभरही फरक नाही" असं मात्र छापू नका, ते तुमच्या सीएनसीवर खरं ठरणार नाही, आणि तुमचं गिऱ्हाईक सीएमएमवर, म्हणजे माप तपासायच्या मशीनवर, जॉब ठेवून बघणार आहे. "२५ मिलीमीटरच्या बोअरला २१ मायक्रॉनच्या आत काम, २० डिग्रीला मोजून" एवढं लिहा, आणि तसू दाराच्या चौकटीला राहू दे.