'पोमेरेनिया' या नावामागचा मूळ स्लाव शब्द कोणता?

प्रश्न आहे की बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनियाचं नाव आलं कुठून.

भाषातज्ज्ञ मूळ शब्द *पोमोर्ये असा मांडतात. शब्दाआधीची चांदणी सांगते की हा शब्द लिहिलेला सापडलेला नाही. पोलिश 'पोमोझे', रशियन 'पोमोर्ये', चेक 'पोमोर्झी' अशी स्लाव भाषांतली रूपं शेजारी ठेवून तो जुळवला आहे. पोलिशमध्ये 'र'चा 'झ' झाला, हा त्या भाषेतला नेहमीचाच बदल.

फोड अशी: 'पो' म्हणजे लगत, काठाकाठाने. 'मोरे' म्हणजे समुद्र. लॅटिन 'मारे' आणि जर्मन 'मेअर' याच कुळातले. शेवटचा '-ये' प्रत्यय सगळ्याला 'प्रदेश' हा अर्थ देतो. म्हणजे समुद्राकाठचा मुलूख. आपण गोदाकाठ, कृष्णाकाठ म्हणतो तसंच, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. स्लाव लोकांनी नद्यांसाठीही हाच साचा वापरला: व्होल्गाकाठचं 'पोव्होल्झ्ये', डॅन्यूबकाठचं 'पोदुनाव्ल्ये'.

म्हणूनच हा शब्द एकाच जागेला चिकटलेला नाही. रशियात श्वेत समुद्राकाठच्या लोकांना 'पोमोर' म्हणतात. बल्गेरियात काळ्या समुद्रावर 'पोमोरिये' नावाचं गावच आहे.

लॅटिन कागदपत्रांत 1046 साली तिथल्या एका सरदाराचा उल्लेख 'बोमेरानी' लोकांचा प्रमुख असा येतो. 'पोमेरेनिया' हे लॅटिन वळण; जर्मनांनी मूळ स्लाव नावाचं 'पोमर्न' केलं.

याच्यासारखाच दिसणारा 'प्रिमोर्ये' हा स्लाव शब्द मात्र वेगळा. त्यात 'प्रि' म्हणजे जवळ.