फुलं भरपूर, तरी मधमाश्या का येत नाहीत?

फोंड्याच्या तुमच्या बागेत बोगनवेल, एक्झोरा, डबल जास्वंद, क्रोटन सगळं आहे, तरी मधमाश्या फिरकत नाहीत आणि दोडका धरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही सगळी झाडं आपल्या डोळ्यांसाठी आहेत. एक्झोऱ्याच्या फुलाची नळी इतकी लांब की सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, जीभ तळाशी पोचत नाही; तो फुलपाखरांचा खाऊ. डबल जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग पराग उरणार कुठून?

दोडक्याचं कारण वेगळं. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, त्यांच्याकडे मुख्यतः रात्रीचे पतंग येतात. दिवस मावळताना नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा, धरेल. काकडी, लाल भोपळा, कारलं सकाळी फुलतात. त्यांना मधमाशीच हवी.

काजू, आंबा, जांभळाच्या मोसमात माश्यांना तुमची गरज नसते. उपासमार होते पावसात. फुलं कमी, आहेत त्यांतला मधुरस धुऊन जातो. लागवड त्या दिवसांसाठी करा. माड असेल तर उत्तम. चांगला माड वर्षाला बाराएक पोयी (फुलोरे) टाकतो, म्हणजे पराग बारमाही. जूनमध्ये मक्याच्या दोन ओळी टाका, पन्नास-पंचावन्न दिवसांत तुरे येतात. तेरडा आणि लाजाळू चतुर्थीच्या साफसफाईत सरसकट उपटले जातात. कुंपणालगत हातभर पट्टा तरी राखा. उघाडीच्या सकाळी लाजाळूच्या गुलाबी गोंड्याजवळ वाकून बघा, सातेरीच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे चढताना दिसतील. वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडा, पण परसात पाच-सहा रोपं मंजिऱ्यांसकट सोडा.

एका जातीची रोपं एकत्र लावा, निदान 1 चौरस मीटरचा वाफा. माशी एका फेरीत बहुतेक एकाच जातीची फुलं घेते. विखुरलेल्या एकेक कुंडीसाठी ती थांबत नाही.

पसरट परळात चिऱ्याचे खडे आणि 1-2 सेंमी पाणी ठेवा. दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

फवारणीत खरी माती होते. नीमतेल लिटरला 5 मिली, थोडा साबण, तेही सूर्यास्तानंतर आणि उमललेली फुलं टाळून. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मुळाशी मुळीच ओतू नका. ते झाडाच्या रसातून परागात आणि मधुरसात उतरतं.

चिऱ्याच्या जुन्या भिंतीत किंवा गडग्यात मेणाची बारीक नळी दिसली आणि तोंडाशी मुंगीएवढ्या काळ्या माश्या असल्या, तर कृपा करून तिथे सिमेंट भरू नका. ती पोया माशी, तिला डंख नाही. एखादा सुका ओंडकाही कोपऱ्यात राहू द्या, त्यात भुंगे भोकं पाडून राहतात. वांग्याला आणि टोमॅटोला तेच उपयोगी: भुंगा फूल पकडून अंग थरथरवतो तेव्हा पराग चांगला सांडतो. सातेरीला ते जमत नाही.