सांडपाण्याचा मोठा प्लांट नदीचं नेमकं काय वाचवतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, चार-पाच गावांचं सांडपाणी एकाच मोठ्या प्लांटला नेलं तर नदी खरंच वाचते का, आणि बाहेर पडणारं पाणी काचेसारखं दिसलं की काम झालं का. बरीच वर्षं अशाच प्लांटवर शिफ्टा केल्यात म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही झालं.

सांडपाण्यात ९९.९ टक्के पाणीच असतं हो, सगळा राडा उरलेल्या चिमूटभरात. नदीतले मासे बहुतेक वेळा मरतात ते ऑक्सिजन संपल्यामुळे. २० डिग्रीला स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलीग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, आणि घरगुती सांडपाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण खाऊन संपवायला बॅक्टेरियांना लागणारा ऑक्सिजन, सहज २०० च्या आसपास. खिशात ९ आणि देणं २००! बरं हा हिशोब पाईपच्या तोंडाशी दिसतच नाही, कारण बॅक्टेरियांना खायला वेळ लागतो आणि तोवर पाणी पुढे गेलेलं असतं, त्यामुळे ऑक्सिजनचा तळ लागतो तो प्रवाहात बराच खाली. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून १९२५ मध्येच हे गणितात बसवलं. तरी अजून लोक पाईपपाशी उभं राहून म्हणतात, इथे तर सगळं ठीक आहे.

नदी स्वतःही घाण पचवतेच, पण स्वतःचा ऑक्सिजन घालून. प्लांटमध्ये तेच बॅक्टेरिया तेच काम करतात, फक्त ऑक्सिजनचं बिल आपण भरतो. जाळी, वाळू बसवायची टाकी वगैरे सोडा, खरा खेळ एरेशन टँकचा, म्हणजे जिथे सांडपाण्यात हवा सोडतात ती टाकी, प्लांटची निम्मी वीज तरी ती हवा ढकलणारे ब्लोअरच खातात. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी खाली बसलेला गाळ फेकायच्या ऐवजी पुढच्या सांडपाण्यात परत वापरला, विरजण ठेवतात ना तसं, आणि ज्याला आधी आठवडे लागायचे ते एका दिवसाच्या आत व्हायला लागलं. आजही तेच चाललंय.

शिफ्टला आलं की मी आधी एक लिटरचा सिलिंडर टँकमधल्या पाण्याने भरून ठेवायचो, घड्याळ लावून ३० मिनिटं. गाळ २००-२५० मिलीलिटरच्या खुणेपर्यंत खाली बसला, वर पाणी नितळ, की जीव भांड्यात. एखाद्या दिवशी तो ८००लाच फुगून बसलेला असायचा, म्हणजे दोऱ्यासारखे बॅक्टेरिया माजलेत, आता हा गाळ क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीत, बसणार नाही आणि काठावरून वाहून थेट नदीत जाणार.

आता काचेसारख्या पाण्याचं. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. माशांना तो विषारी, पाणी गरम आणि पीएच चढा असेल तर जास्तच, आणि नदीत गेल्यावर एक मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साडेचार मिलीग्रॅम ऑक्सिजन खातो तो वेगळा. तो पचवणारे बॅक्टेरिया महा नाजूक, थंडीत सुस्तावतात, आणि एकदा मेले की लवकर वाढत नाहीत. आमच्याकडे एका रात्री कुठल्याशा कारखान्याने गटारात काहीतरी सोडलं, टँकवर पुरुषभर फेस आला, पाणी दोन-तीन दिवसांत परत नितळ दिसायला लागलं पण अमोनिया जागेवर यायला महिना गेला! त्या महिन्यात येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, वा, काय स्वच्छ पाणी आहे. क्लोरीनचंही तसंच, जंतू मारतो पण उरलेला मासेही मारतो, म्हणून सोडायच्या आधी तो काढावा लागतो, नाहीतर यूव्ही लावायचं.

मग एकच मोठा प्लांट का, तर वेगवेगळ्या गावांचं पाणी वेगवेगळ्या वेळी पोचतं म्हणून भार सपाट होतो, आणि मुख्य म्हणजे रात्री तीनला तिथे कोणीतरी जागं असतं. छोट्या प्लांटचा ब्लोअर बंद पडला तर सकाळपर्यंत कुणाला पत्ताच नसतो. पण फुकट काही नाही. मोठा बिघडला तर सगळा दणका एकाच ठिकाणी, मोठ्या पावसात फुटक्या गटारांतून पाणी घुसून प्लांट ओसंडतो, आणि ज्या ओढ्यांचं पाणी उचलून लांब नेलं ते ओढे उन्हाळ्यात बारीक होतात, हे प्लॅन करताना कोणी बोलतच नाही.

तर तुम्हाला तपासायचंच असेल तर प्लांटकडून अमोनियाचे आकडे मागा, आणि ऑक्सिजन पाईपपाशी नाही तर काही किलोमीटर खाली मोजा, तोही पहाटे, कारण नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्रभर तोच ओढतं. दुपारचा आकडा कोणी दाखवला तर सरळ परत द्या.