'ओव्हररेटेड' या शब्दाचा मूळ अर्थ काय? तो फक्त माणसांना आणि पिक्चरनाच लावतात का?

लायकीपेक्षा जास्त भाव दिलेला, हा अर्थ तुम्हाला माहीत असणारच. पण प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. माणसांना आणि पिक्चरनाच? अजिबात नाही. घराला तर हा शब्द अगदी चपखल बसतो.

मी एका नगरपालिकेच्या कर विभागात 31 वर्षं कारकून होतो. 1983 साली चतुर्थ वार्षिक आकारणीवरच्या, म्हणजे दर चार वर्षांनी ठरणाऱ्या घरपट्टीवरच्या, हरकतींची सुनावणी चालू होती. एक आजी आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत शेजारच्या बिऱ्हाडाच्या भाडेपावत्या दोऱ्यानं बांधलेल्या. अर्ज कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून इंग्रजीत करून आणलेला. त्यात एक ओळ होती, 'माय हाउस इज ओव्हर-रेटेड'. साहेबांनी ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "घर काय नट आहे का, ओव्हररेटेड व्हायला?" सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. आजींना इंग्रजी येत नव्हतं, पण हसणं कळलं. त्या पावत्यांची गाठ सोडत होत्या, ती त्यांनी पुन्हा बांधली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. घर दोन खोल्यांचं. मागच्या अंगणावर पावसाळ्यापुरता पत्रा टाकलेला, खाली सरपण. मोजणीत त्याची तिसरी खोली झाली. तेवढ्याच दोन खोल्यांना शेजारी महिना 40 रुपये भाडं होतं. वर्षाचे 480, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, म्हणजे करपात्र मूल्य 432. आम्ही 65 रुपये भाडं धरून 702 लावलं होतं. या करपात्र मूल्याला इंग्रजीत म्हणतात 'रेटेबल व्हॅल्यू'. मुंबईच्या 1888 च्या महापालिका कायद्यातही हाच शब्द आहे. मग ते मूल्य जास्त धरलं तर घर ओव्हर-रेटेड नाही तर काय?

पुढे मी हा शब्द मुळापासून शोधला. 'रेट' लॅटिनमधल्या 'प्रो राटा पार्टे' या प्रयोगातून आला, म्हणजे ठरलेल्या हिश्श्याप्रमाणे. त्याच्या मुळाशी मोजणे, हिशेबाने समजणे या अर्थाचं क्रियापद आहे. 'रेशो' आणि 'रीझन' त्याच कुळातले, आणि आपलं रेशनही. इंग्लंडमध्ये 1601 च्या कायद्यानं गरिबांच्या पोटापाण्यासाठी प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, मालमत्तेवर कर बसवला, त्याचं नाव 'पुअर रेट'. तिथे घरपट्टीला पुढेही 'रेट्स'च म्हणत राहिले. 'ओव्हररेट' हे क्रियापद निदान चारशे वर्षं जुनं. वाजवीपेक्षा जास्त मोल ठरवणं, एवढाच त्याचा अर्थ. मोल कशाचं, ते शब्दात कुठेच बांधलेलं नाही.

'थर्ड रेट'चंही असंच झालंय. ब्रिटिश नौदलात ती तोफांवरून ठरणारी प्रत होती. शंभर किंवा जास्त तोफांचं जहाज फर्स्ट रेट. 74 तोफांचं थर्ड रेट, आणि आरमाराचा खरा कणा तीच जहाजं. 'कॉर्नवॉलिस' हे असंच थर्ड रेट जहाज 1813 मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्यानं सागवानात बांधलं. ब्रिटन आणि चीनमधला 1842 चा नानकिंगचा तह त्याच्यावरच झाला. त्याला आजच्या अर्थानं, म्हणजे सुमार या अर्थानं, कोण थर्ड रेट म्हणेल?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, ओव्हररेटेड म्हणायचं तर हिशेब द्या. अमुक एक मिसळ ओव्हररेटेड म्हणता, तर तुमच्या मते तिचं मोल किती आणि लोक धरतात किती, ते सांगा. नुसतं 'मला आवडली नाही' म्हणायचं असेल तर त्याला मराठी आहे. 'उगाच डोक्यावर घेतलंय' म्हणा, 'फाजील कौतुक' म्हणा. आणि कुणाच्या इंग्रजीला हसण्याआधी डिक्शनरी उघडा, साहेब असलात तरी.

शब्दांचे अर्थ बदलतात, हे मला मान्य आहे. आजचा वापर चूक नाही. घरपट्टीच्या पद्धतीही बदलल्या. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी मालमत्तेच्या किमतीवर, आकारणी होते, तेव्हा माझं वरचं गणित तिथे लावू नका. पण आकारणी जास्त वाटली तर हरकत मुदतीत द्या आणि पोच घ्या.

आजींच्या घरी दुसऱ्या दिवशी मीच टेप घेऊन गेलो. पत्र्याखाली तिन्ही बाजू उघड्या होत्या. आकारणी 432 वर आली. पण अर्ज निकाली काढताना साहेबांनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढून 'शब्दप्रयोग चुकीचा' असा शेरा मारला, आणि त्याखाली जावक क्रमांक माझ्याच हातानं घातला गेला. टायपिस्टचा शब्द बरोबर होता.