स्केच छान आहे गं, पण बाही बसवता येते का?

डिग्रीचे रिझल्ट लागले की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच बदलतो. एरवी ब्लाऊजचा गळा खांद्यावरून घसरतो काय करू, पिकोचा दोरा निसटतो काय करू असले प्रश्न असतात, आणि आता सगळ्यांना फॅशनमध्ये जायचंय. यावेळी दोनच पत्रं घेते, बाकीच्यांनी रागावू नका, त्यातच तुमचंही उत्तर सापडेल बहुतेक.

प्रश्न: ताई, मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात कॉलेज करून यंदा बीकॉम झाले. शाळेपासून ड्रेसची डिझाईन काढायचा नाद हाय, तीन वह्या भरल्यात. बेळगावातच एक क्लासवाले एक वर्षाच्या डिप्लोमाला लाखाच्या वर मागायलेत आणि शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे, शिवणकामच करायचं होतं तर बीकॉम कशाला केलंस. मला मशीन येत नाही, आईला येतं. शाळा मराठीतनं झाली त्यामुळे इंग्लिश कच्चं आहे. बेंगळूरला जाऊ, पुण्याला जाऊ की इथंच काय करू?

उत्तर: तुझ्या स्केचचे फोटो बघितले. हात चांगला आहे, उगाच म्हणत नाही. पण तो निळा अनारकली काढलायस बघ, गळा बंद, कंबर एकदम फिट, मागे चेन नाही, बाजूला चेन नाही, बटणपट्टी पण नाही. तो घालायचा कुठून गं? डोकंच आत जाणार नाही. हसू नकोस, मी पण असलेच ड्रेस काढायची आणि मला वाटायचं की आपण डिझायनर झालो, आता कुणीतरी शिवून दिलं की झालं. तसं काही नसतं, कटिंग टेबलावरचा मास्टर पहिला प्रश्न हाच विचारतो की मॅडम हे उघडणार कुठं.

त्यामुळे तू पत्रात जाता जाता लिहिलेली ओळ मला सगळ्यात मोलाची वाटली, आईला मशीन येतं ही. फी भरायच्या आधी सहा महिने आईच्या हाताखाली बस. तुला अगदी नीट बसणारा एक जुना ब्लाऊज घे, सगळा उसव, तुकड्यांना इस्त्री मार आणि कागदावर ठेवून आखून घे. पुढचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, मागच्यापेक्षा जास्त खोल का, टक, म्हणजे फिटिंगसाठी घातलेली चिमटी, नेमका तिथंच का, बाहीचा वरचा गोल टेपनं मोजला तर मुंढ्याच्या गोलापेक्षा थोडा जास्त भरतो तो का, हे आईला विचार, तिला शब्दात सांगता नाही आलं तर ती हातानं करून दाखवेल. मग बाजारातून मांजरपाट, म्हणजे साधं जाडं सुती कापड, आण चांगला आठ-दहा मीटर, स्वस्त पडतो, आणि तोच ब्लाऊज त्यात परत शिव. पहिल्या बाहीला चुण्या पडणार, दुसरीला पण पडणार. पाचव्या-सहाव्याला बसेल. उरेब, म्हणजे तिरकं धरलेलं कापड कसं ओढलं जातं आणि उभ्या धाग्यावरचं का नाही, हे हाताला कळलं की तुझी स्केच आपोआप बदलतील बघ.

माझा एक किस्सा सांगते. सुरुवातीच्या वर्षांत चंदगडकडच्या एका लग्नाचा बस्ता इथं झाला आणि नवरीच्या बहिणींचे खणाचे ब्लाऊज माझ्याकडे आले. खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, अरुंद, कापड मोजकंच, मी हुशारी करून एक बाही उलटी लावून कापली आणि कापड वाचवलं. शिवून झालं, इस्त्री झाली, हँगरला लावलं, तेव्हा दिसलं की डाव्या बाहीवरची बुट्टी डोकं वर करून उभी आहे आणि उजवीवरची खाली डोकं करून लटकलीय. भरीला भर म्हणजे अस्तर न भिजवता लावलेलं, ते पहिल्या धुण्यात आखडलं आणि पुढचा भाग सगळा गोळा झाला. तीन ब्लाऊजचे पैसे परत दिले. आजही अस्तर आणलं की आधी बादलीत.

आता क्लासचं. मी पण बारा-तेरा वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी प्लेसमेंट ऐकून फी भरली होती, नाव घेत नाही, कोर्स संपल्यावर प्लेसमेंट म्हणजे एका साडीच्या दुकानात काउंटरवर घड्या घालायचं काम निघालं. तेव्हा फी भरायच्या आधी तिथं जा आणि बघ, किती मुलींमागे किती मशीन आहेत, पॅटर्न कोण शिकवतं आणि त्या माणसानं कुठं काम केलंय. मागच्या बॅचच्या मुलीनं स्वतः शिवलेला एक ड्रेस मागून घे आणि उलटा करून आतली शिलाई बघ. भिंतीवर लावलेल्या स्केचवरून काही कळत नाही. प्लेसमेंटचं लिहून मागितलंस तर चेहरे बघण्यासारखे होतात. कमी पैशात शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग, सुइंग टेक्नॉलॉजी, फॅशन डिझाईन अँड टेक्नॉलॉजी असे एक वर्षाचे ट्रेड असतात, आयटीआय म्हटलं की लोक नाक मुरडतात पण मशीनवर हात बसतो.

मोठी उडी मारायची तर निफ्ट, फॅशनची सरकारी संस्था. बेंगळूरला एचएसआर लेआउटमध्ये आहे, मुंबईतही आहे. कुठल्याही शाखेच्या ग्रॅज्युएटला दोन वर्षांचा एम.डेस, म्हणजे डिझाईनची मास्टर डिग्री, करता येतो, त्याला हातानं काढायची क्रिएटिव्ह टेस्ट, जीएटी म्हणजे जनरल अॅबिलिटीची परीक्षा आणि मग इंटरव्ह्यू. पण तुला मी वेगळंच सुचवते. तिथंच एमएफएम म्हणून दोन वर्षांचा कोर्स आहे, फॅशन मॅनेजमेंट, त्याला ड्रॉइंगची परीक्षा नसते आणि माल कुठून घ्यायचा, केवढ्याला पडतो, केवढ्याला विकायचा हे सगळं त्यात येतं. बीकॉम वाया गेलं असं बाबांना वाटतंय ना, मग त्यांना हे दाखव. कारण या धंद्यात बुडतात ते डिझाईन वाईट म्हणून कमी आणि हिशेब कच्चा म्हणून जास्त. समज एक कुर्ती, अडीच मीटर कापड 180 रुपयांनी म्हणजे 450, अस्तर 120, शिलाई 350, बटण दोरा पट्टी 40, झाले 960. मैत्रिणीला हजारला दिलीस, ती दोनदा फिटिंगला आली, एकदा तू चहा पाजलास, तुझे दोन दिवस गेले आणि मिळाले चाळीस. शिवाय लाईट बिल, बिघडलेला पीस, रिक्षा, हे कुठंच धरलं नाहीस. वहीत स्केच काढतेस तशी प्रत्येक स्केचच्या मागच्या पानावर ही बेरीज मांडायची सवय लाव.

इंग्लिशची काळजी करण्यासारखं फार नाही, फॅक्टरीत टेक पॅक, म्हणजे कपडा कसा बनवायचा त्याचे कागद, येतात त्यात मापं, शिलाईचे प्रकार, कापडाचा जीएसएम म्हणजे चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन असंच असतं, दोनशे-तीनशे शब्द पाठ केलेस की वाचता येतं. बोलायचं इंग्लिश बोलून येईल. बेंगळूरला जाणार असशील तर कन्नड मात्र आणखी पक्कं कर, फ्लोअरवरच्या बायका तुला त्याच भाषेत शिकवतील.

आणि बाबांशी भांडू नकोस, बँकेचा फॉर्म भरून टाक. बेंगळूरच बघायचं असेल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री बसलीस की सकाळी तिथं, एकदा आईला घेऊन कॅम्पस बघून ये. फॅशन डिझायनर वैशाली शडांगुळेचं नाव ऐकलंयस का? मूळची विदिशाची, मुंबईत आधी छोटं बुटिक काढलं आणि रीतसर शिक्षण नंतर घेतलं, 2021 ला पॅरिसच्या ओत कुतूर वीकमध्ये, म्हणजे हातानं बनवलेल्या उंची कपड्यांच्या फॅशन शोमध्ये, तिचे कपडे दाखवले गेले. आणि ती काम करते त्या कापडांमध्ये आपला खण आहे, तुझ्या आजीच्या चोळीचा. तेव्हा आधी काम की आधी कॉलेज यावर फार डोकं खाऊ नकोस.

प्रश्न: मॅडम, वडगावात आमचे घरचे पॉवरलूम आहेत, आजोबांपासून साड्या विणतो. मी बीए केलं, आता स्वतःचा कपड्यांचा ब्रँड काढायचाय. नाव ठरलं, लोगो झाला, इन्स्टाग्रामवर पेज केलंय. कापड सुरतेहून मागवून इथं शिवून घ्यायचा विचार आहे. भांडवल कमी आहे. बरोबर जातोय का?

उत्तर: घरात माग खडखडतायत आणि कापड सुरतेहून! अरे बाबा, तेच कापड तुझ्याआधी हजार पेजवर आलेलं असतं आणि त्यांच्या भावात तुला विकता येणार नाही. तुमच्या मागावर साडीऐवजी ड्रेसचं कापड काढता येईल का ते घरात विचार. नवीन ताणा, म्हणजे उभे धागे, भरायचा म्हणजे खर्च, म्हणून ताणा एकच ठेवून बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्यांचे, रंग बदल, काळ्या ताण्यावर लाल, हिरवा, हळदी असे दहा-दहा मीटर काढ, एका ताण्यात चार कापडं दिसतील. एक चौकोनी तुकडा कापून त्यावर बरोबर 50 बाय 50 सेंटिमीटर आखून घे, धू, वाळव आणि परत मोज, किती आखडलं ते कळेल. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग सुटतो का बघ. हे न करता गिऱ्हाईकाला दिलंस तर पहिल्याच महिन्यात पेजवर शिव्या.

जमलं तर एकदा साड्यांच्या इलकलला आणि खणाच्या गुळेदगुड्डला जाऊन ये. इलकल साडीत पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फास अडकवून जोडतात, टोपी तेनी म्हणतात त्याला, ते करताना समोर बसून बघ, मागवाल्या घरातला असून तुला नवं वाटेल. भांडवलासाठी सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशू गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं, सुरुवातीला त्याहून जास्त काढूच नकोस. शिवायला आधी एकच कारागीर, पीसवर, आणि तीनच डिझाईन.

लोगो बघितला. त्यात धोटा, बाण्याचा धागा आरपार नेतो तो, काढलायस तो एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला चपटा आहे. धोट्याला दोन्हीकडे टोक असतं रे, आजोबांना दाखवून दुरुस्त करून घे.