दिवे-पंखे आठवणीने बंद करूनही युनिट कमी होत नाहीत. घरात आणि रोजच्या प्रवासात ऊर्जा वाचवायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की घरभर एलईडी दिवे लावलेत, खोलीतून बाहेर पडताना बटणं बंद करता, मोबाइलचा चार्जरसुद्धा काढून ठेवता, तरी महिन्याचे युनिट जिथल्या तिथे. आणि ऑफिस १२ किलोमीटरवर आहे, तिथे एकटेच कारने जाता. काही वर्षांपूर्वी माझंही हेच चाललं होतं. मुलांनी बाथरूमचा दिवा चालू ठेवला की मी ओरडायचो. त्याच बाथरूममधला गिझर सकाळभर चालू असायचा, त्याचं मला काही वाटायचं नाही. दिवा डोळ्यांवर येतो, तापणारं पाणी कुठे दिसतं!

माझा सगळा हिशोब बदलला तो प्रत्येक गोष्ट एकाच मापात, म्हणजे युनिटमध्ये, मोजायला लागल्यावर. १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. ९ वॅटच्या दिव्याला एक युनिट संपवायला १११ तास लागतात. आता पाणी घ्या. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल, त्या हिशोबाने २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर नेलं की जवळजवळ अर्धं युनिट गेलं. तेवढ्यात तुमचा दिवा ५० तास चालला असता. आणि ही एका माणसाची, हात आखडून केलेली आंघोळ. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर ८०-९० लिटर पाणी सहज जातं. नुसता अडकवून ठेवलेला चार्जर म्हणाल, तर वर्षभराचे एक-दोन युनिट. काढायचा तर जरूर काढा, पण आपण वीज वाचवली म्हणून खूश होऊ नका.

थोडक्यात, पाणी किंवा हवा तापवणारी, गार करणारी आणि वजन हलवणारी यंत्रं खरी खादाड. उजेड, आवाज, चित्र यांना त्यामानाने फारच कमी लागतं. म्हणून पहिला हात गिझरला घाला. २ किलोवॅटच्या, १५ लिटरच्या गिझरला पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला वीसेक मिनिटं पुरतात. तेवढंच आधी चालू करायचं आणि सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरकायच्या. तास-तास चालू ठेवला की टाकी बाहेरच्या हवेला उष्णता देत बसते आणि तो ती भरून काढत बसतो. छतावर ऊन येत असेल तर सौर वॉटर हीटर, नाहीतर हीट पंप. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आणतो, त्यामुळे एका युनिटात तीन युनिटांच्या आसपास उष्णता देतो. पाणी तापवायला याहून शहाणं यंत्र मी पाहिलेलं नाही.

एसी हाही हीट पंपच, उलटा. सेटिंग १८ वर नेल्याने खोली लवकर गार होते हा गैरसमज आहे. साधा एसी तेवढ्याच वेगाने गार करतो, फक्त थांबायचं नाव घेत नाही. २६ वर ठेवून पंखा लावला तर बहुतेकांना पुरतं. एका अंशामागे पाच-सहा टक्के वीज वाचते असं धरायला हरकत नाही. ऊन मात्र खिडकीच्या बाहेरच अडवायला हवं. काचेतून एकदा आत आलं की पडदा ते फारसं परतवू शकत नाही. पंख्यांचं म्हणाल तर जुना ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा तीसेक वॅट. दिवसाला दहा-बारा तास चालणारा पंखा आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

स्वयंपाकघरात एकच सांगतो. पाण्याला उकळी फुटली की ते १०० अंशांवरच राहतं, आच कितीही मोठी ठेवा. उरलेल्या आचेने फक्त वाफ होते. झाकण ठेवा आणि आच बारीक करा.

आता प्रवास, कारण तुमचा मोठा खड्डा इथे आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. तुमची कार शहरात लिटरला १५ किलोमीटर देते असं धरू. जाऊन-येऊन २४ किलोमीटर, म्हणजे १.६ लिटर, म्हणजे रोज चौदा युनिटांहून जास्त! आमच्या अख्ख्या घराचे दिवसाला सातच्या आसपास होतात. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा चूक झाली असेल म्हणून पुन्हा केला होता. पेट्रोलच्या टाकीला युनिटचा मीटर नसतो, म्हणून ही ऊर्जा आपल्या खाती धरलीच जात नाही.

त्यातही जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकीचा इंजिन गरम करण्यात जातो. आणि पोचलेला आपण ब्रेकमध्ये घालवतो. १२०० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरवरून एकदा ब्रेक दाबून थांबवली, की ९ वॅटचा दिवा साडेतीन तास चालेल इतकी ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवून संपते. लांबून लाल सिग्नल दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबत राहणारे लोक घरी चार्जर मात्र काढून ठेवतात! पाय उचला, गाडी आपोआप मंदावू द्या. टायरमधली हवा महिन्याला तपासा. मोकळ्या रस्त्यावर वेग आवरा, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो.

पण एकटं न जाणं याच्या जवळपास यातलं काहीही येत नाही. दोघं एका गाडीत बसलात की माणशी खर्च त्याच क्षणी निम्मा. लिटरला ४ किलोमीटर देणारी डिझेल बस ४० माणसं नेत असेल तर माणशी खर्च तुमच्या कारच्या दहाव्या भागाइतका येतो. बस रिकामी धावत असेल तर अर्थातच हे गणित कोसळतं. इलेक्ट्रिक कारला याच अंतराला साडेतीन-चार युनिट पुरतील. मात्र कोळशाच्या वीजकेंद्रात उष्णतेचा साधारण एकतृतीयांशच भाग वीज होतो, त्यामुळे मूळ इंधनाच्या हिशोबात ते दहा-बारा होतात. फायदा आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. दोन-तीन किलोमीटरच्या आतलं काम असेल तर सायकल किंवा पाय. थंड इंजिन तेवढ्या अंतरात धड तापतही नाही आणि पेट्रोल जास्त पितं.

एक चूक माझ्या नावावर आहे. कमी वीज खाणारा नवा फ्रिज घेतला आणि जुना 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून मागच्या खोलीत चालू ठेवला. युनिट वाढले! १८६५ साली विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने कोळशाबद्दल असंच म्हटलं होतं, की वाफेची इंजिनं काटकसरी झाली तसा कोळशाचा खप वाढतच गेला. नवं यंत्र आणलं तर जुनं घराबाहेर गेलं पाहिजे.

आज रात्री एक करून बघा. विजेच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकाट हे छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. मिनिटात १६ वेळा लुकलुकला तर त्या क्षणी घरात ३०० वॅट चालू आहेत. फ्रिजसकट सगळी बटणं दोन मिनिटं बंद करा आणि मोजा. तरीही लुकलुकत असेल तर काय विसरलंय ते शोधत फिरा. आमच्याकडे टीव्हीमागचा सेट-टॉप बॉक्स निघाला. टीव्ही बंद असतानाही १२ वॅट, वर्षाला १०५ युनिट.